गॅलरीतून दिसणारी मिरवणूक

मंगळवार, २८ मार्च १९९५. सातारा.

या घरात न्याय नावाची वस्तू उरलेली नाही. पांढऱ्या सदऱ्याला पुन्हा नीळ जास्त. हरकत नोंदवली. सौ. म्हणाली, "जयंतीला चालतंय. निळाच दिसू द्या." अपील फेटाळलं. हा सदरा घालून मिरवणुकीत उभा राहिलो तर लेझीमवाले मलाच झेंडा म्हणून पुढं धरतील.

मिरवणूक मात्र यंदा सांगलीची. ठरलं. चि. मिलिंदला तिथं नोकरी लागून वर्ष होत आलं. खोली घेतलीय ती बरोबर मिरवणुकीच्या रस्त्यावर, माडीवर, पुढं गॅलरी. आईचा थोरला भाऊ त्या मिरवणुकीत लेझीम खेळायचा. तिनं ती नुसती ऐकलीय. तेव्हा आमच्या माण तालुक्यातून बायकांना इतक्या लांब कोण नेणार, आणि पुढं गुडघे गेले. आज म्हणाली, "गर्दीत न्हाई जमायचं मला. पर ग्यालरीत बसून बगीन की. राणीवानी."

शुक्रवार, ३१ मार्च.

कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून मिलिंदच्या कचेरीत फोन. "अण्णा, गॅलरी कच्ची झालीय. मालक उभं राहू देत नाहीत." म्हटलं, आजीचं वजन ते केवढं. "बघतो," म्हणाला. आवाज खालचा. साहेब शेजारी असावा.

आईला काही बोललो नाही. तिनं पांढरं पातळ काढून अंगणात दोरीवर टाकलंय. धुतलेलं नाही, वाळायचं नाही. आल्यागेल्यानं विचारावं म्हणून.

मंगळवार, ४ एप्रिल.

पुन्हा फोन. आता खोलीत मित्र राहायला आलाय, त्याची परीक्षा आहे. परवाची कच्ची गॅलरी कुठं गेली विचारलं, तर तीही आहेच. वार्ताहराचा पोरगा. एका गोष्टीला दोन कारणं मिळाली की दोन्ही तपासावीत, हे ऐकतच वाढलाय, तरी…

सौ.चा तर्क: "पोरगी असंल एखादी. मोकळं बोलंना म्हणजे तेच." ऐकून बरंच वाटलं. संस्कृत नाटकात अशा वेळी नायक कृश होतो. आमचा मेसच्या जेवणानं आधीच झालाय, तेव्हा लक्षणावरून निदान अवघड.

शनिवार, ८ एप्रिल.

आज त्याचाच फोन, शेजारच्यांकडं. यंदा साताऱ्याचीच बघा, सांगलीचं पुढच्या वर्षी.

आई म्हणाली, "पुढल्या वर्साचं कुणी सांगावं रं. आन सातारची काय, दारातनं दिसती." मग सौ.ला, "तू धपाट्याचं पीठ दळून आण गं. पोरगं लाजतंय. आपुन जायाचं."

मंगळवारी सांगलीला पेपरच्या कचेरीत वार्ताहरांची बैठक आहे. न कळवता खोलीवर जाईन. गॅलरी बघून येतो. पोरगी असली तर तीही.

मंगळवार, ११ एप्रिल. सांगली, एसटी स्टँड.

गाडीला अवकाश आहे. लिहून टाकतो, नाहीतर घरी जाईपर्यंत…

गॅलरी दगडी. हत्ती उभा राहील.

मिलिंद कामावर होता. घरमालक भेटले, निवृत्त गृहस्थ, बोलणं गोड. खुर्ची दिली, चहा झाला. "जाधवांचे वडील का? या, या. माणचे ना तुम्ही? जुनी घराणी तिकडची. देशमुखी असेल." मी कप तोंडाला लावला.

"परवा रामजन्माला आमच्याकडं मिलिंदनं स्तोत्र म्हटलं. काय उच्चार, साहेब. सगळे बघत राहिले. म्हटलं, घरात संस्कार असल्याशिवाय हे येत नाही."

"मीच शिकवलं," मी म्हणालो. खरं तेच बोललो.

खोलीही दाखवली त्यांनी. गेल्या जूनमध्ये सौ.नं टॉवेलात गुंडाळून दिलेली तसबीर भिंतीला नव्हती. तिच्या जागी दत्ताचं कॅलेंडर. ट्रंक उघडून बघायची इच्छा झाली. बघितली नाही.

निघताना म्हणाले, "चौदा तारखेला मात्र येऊ नका हं कुणी. त्यांची मिरवणूक असते, रस्ता बंद. आम्ही दारं-खिडक्या लावून बसतो. मिलिंदलाही म्हटलंय, बाहेर पडू नको."

त्यांची.

मी नमस्कार करून निघालो.

बुधवार, १२ एप्रिल. सातारा.

काल वही मिटली तोच मिलिंद आला. मालकांनी सांगितलं असणार. पळत आला होता. बाकावर शेजारी बसला. वाकून पाया पडायला गेला, मी पाय मागं घेतले. हे लिहायला नको होतं, पण झालं तसं झालं.

"अण्णा, दोन-चार ठिकाणी खरं सांगितलं. खरं सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. इथं त्यांनी एवढंच विचारलं, जाधव कुठले. मी म्हणालो माणचे. जाधव काय, सगळ्यांत असतात. पुढचं सगळं त्यांनीच धरलं."

"आणि स्तोत्र?"

"ते तुमीच शिकवलंय की."



मला शाळेत संस्कृतच्या तासाला दाराजवळ बसवत. तिथून ऐकून ऐकून शिकलो, मास्तर चुकले तर मनात सुधारून घ्यायचो. मिलिंदला मांडीवर घेऊन ती स्तोत्रं घोकवली ती देवासाठी नाही. जिभेला वळण लागावं म्हणून. ही भाषा कुणाच्या बापाची नाही, हे त्याला न सांगता कळावं म्हणून. तर त्यानं तिचा असा उपयोग केला. लपायला.

गाडी लागली तेव्हा म्हणाला, "आजीला काय सांगणार?" म्हटलं, तूच सांग. त्यानं माझी पिशवी खिडकीतून आत दिली. पोरगं खरंच वाळलंय.

सौ.ला रात्री सांगितलं. पोरगी नाही, एवढ्यानं सुरुवात केली. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, "तसबीर टाकून तर नाही दिली त्यानं?" नसावी, म्हणालो. सकाळी पीठ मळताना डोळे सुजलेले.

गुरुवार, १३ एप्रिल.

आज मी आईला सांगितलं की गॅलरी कच्ची झालीय, मालक उभं राहू देत नाहीत. पोराची थाप, शब्दही त्याचेच. माझ्या तोंडून जास्त खरी वाटली.

आई म्हणाली, "कच्ची तर कच्ची. त्याच्या घराखाली रस्त्याच्या कडंला खुर्ची टाकू. वाईच सावली आसंल तितं."

"उन्हाचं कशाला?"

"आरं ल्येका, माजा भाऊ त्या रस्त्यानं नाचत गेलाय. मी बसून बी बगू नगं व्हय?"

सौ.नं माझ्याकडं बघितलं. मी पेपरची घडी घातली, उलगडली. मग सौ.च म्हणाली, "जाऊ या. मला बी बघायचाय तो." मिरवणुकीबद्दल नव्हतं ते.

शेजारून घडीची खुर्ची आणली. एक पाय लंगडा. सुतळीनं बांधला.

शुक्रवार, १४ एप्रिल. पहाटे.

आई कधीची आवरून बसलीय. पांढरं पातळ, पदर नीट. धपाटे बांधून झाले. पिशवीत मिलिंदसाठी वेगळा डबा.

विहारात वंदना करून मग स्टँडवर. सांगलीत दुपारपर्यंत पोचू.

खुर्ची दुसरीकडं टाकू म्हणून बघितलं. दोन चौक अलीकडं झाड आहे, म्हटलं. ऐकत नाही. "नातवाच्या घराखालीच."

तिचे गुडघे गेले, पण नजर अजून शाबूत आहे, आणि आवाज तर आहेच. रानातून हाका मारत आयुष्य गेलं. तो वर असणार. ती मान वर करणार.

राग मला आहे. सदऱ्याची बटणं लावताना मी सौ.ला म्हटलं, नुसता रागच आहे. खरं नाही ते. त्यानं हाकेला ओ दिली तर त्याची खोली जाईल, हेही कळतं मला. खोली दुसरी बघता येईल. मला भीती एवढीच आहे, की आई त्याला नावानं हाक मारेल आणि तो ओ देणार नाही.