परक्लोरेट आणि माझा शांत स्वभाव

ता. ३, सोमवार
शिकलेल्या माणसाचा हात आपोआप आवरतो, तो कशामुळे? माझा तरी आवरतो. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. सकाळी आप्पा आणि दादा ड्रिल मशीनवरून एकमेकांच्या अंगावर धावले. आप्पांनी फेकलेली पक्कड आरशात घुसली. मी मध्ये पडून शांतपणे दोघांना वेगळं केलं. त्यात दादाच्या कानाखाली एक बसली. याला मारणं म्हणत नाहीत, मध्यस्थी म्हणतात.

लॅबमध्ये मॅडमनी सांगितलं की पुढच्या वर्षी प्रोजेक्टवर जागा एकच. उमेदवार दोन: मी आणि माझी सिनियर, जिला सगळे फौजदार म्हणतात. वीस तारखेपर्यंत जिच्या तांब्याच्या संयुगाचा चांगला स्फटिक एक्स-रेला जाईल, ती राहील. दुसरी घरी. बिचारी फौजदार.

ता. ५
शिफ बेस तयार. सुंदर पिवळा. हा रेणू तांब्याला खेकड्यासारखा नांग्यांत धरतो. तांब्याच्या अ‍ॅसिटेटचा निळा द्राव ओतला. हिरवा चिखल झाला. बीकर हातातून निसटला. भिंत चार फुटांवर होती.

ता. ८
संकल्प: राग आला की दहापर्यंत मोजायचं. सहापर्यंत मोजलं. ओव्हनच्या दाराला लाथ. अंगठ्याचं नख गेलं. ओव्हन चालू आहे.

फौजदारने तिचा फ्लास्क कपाटात ठेवून कपाट लावून टाकलं. वर मलाच सुनावलं की बाई, दर तासाला उघडून पाहिलंस तर स्फटिक काय, बुरशीसुद्धा धरणार नाही. मी गरजेपुरतंच पाहते. आज अकरा वेळा.

ता. ११
उपाय सापडला. अ‍ॅसिटेटऐवजी तांब्याचं परक्लोरेट. स्फटिक हमखास. बाटलीवर मॅडमचा लाल अक्षरांतला कागद: स्फोटक. कोरडं करू नये, खरवडू नये, मला विचारल्याशिवाय हात लावू नये. असे नियम निष्काळजी लोकांसाठी असतात. शिवाय मॅडम परगावी, एकवीसला येणार. बाटलीच्या कपाटाची किल्ली फौजदारच्या ड्रॉवरमध्ये होती.

तिने पाहिलंच. हात तुटून पडेल तेव्हा उचलायला मी येणार नाही, म्हणाली, आणि बाटली ओढू लागली. माझं कोपर तिच्या नाकावर लागलं. बरंच रक्त. मी लगेच टिश्यू दिला. तरी तिचं म्हणणं, माफी माग. मत्सर, दुसरं काय.

ता. १५
आले! निळे, धारदार, तळाला घट्ट बसलेले. घरी सांगितलं. आप्पा लेथवर काम करतात. चार अणू तांब्याला चौकोनात धरतात म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे चार जबड्यांचा चक, त्यात काय एवढं! माझी दोन वर्षं त्यांनी एका वाक्यात आटोपली. दादाने वर्कशॉपमधून पोलादाची पातळ पट्टी घासून आणली. म्हणाला, कानाखालची विसरलो, घे, खरवडायला.

ता. १८, दुपारी
फ्लास्क पूर्ण कोरडा केला. एकदाच हलकेच खरवडलं.

आवाज झाला.

डाव्या हाताची दोन बोटं फाटली. धूर ओढणाऱ्या हूडची काच राहिलीच नाही. मी पट्टी टेकवताच फौजदारने वेणी धरून मला मागे खेचलं होतं, म्हणून डोळे वाचले. काच तिच्या उजव्या हातात कोपरापर्यंत घुसली. अकरा टाके. वेणी ओढणं मारहाणीत मोडतं. तक्रार करता येईल. सध्या करत नाही.

ता. १९
मॅडमचा फोन. किल्ली फौजदारच्या ताब्यात होती, तेव्हा जबाबदार तीच, म्हणाल्या. मी काही बोलले नाही. खोटं बोलणं आणि न बोलणं यांत फरक आहे.

संध्याकाळी तिच्या ड्रॉवरमधल्या किल्लीने तिचं कपाट उघडलं. फ्लास्कमध्ये एक हिरवा स्फटिक, तिळाएवढा, कडा सरळ. ती घरी झोपून आहे. फॉर्म भरणार मी. लॅब सगळ्यांची, तर स्फटिकही सगळ्यांचाच, नाही का? शिवाय घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे कुठल्या रकान्यात बसेल ते उद्या पाहू.

ता. २०
सकाळी स्फटिक सुईच्या टोकावर तेल लावून उचलला. खरवडला नाही. अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: बाटली मी काढली, कोरडं मी केलं, खरवडलं मी. नाकाचंही लिहिलं. खाली सही केली.

मग फॉर्म. ‘स्फटिक कोणी तयार केला’ या रकान्यापाशी पेन अडलं. मन डळमळलं म्हणून नव्हे. दोन वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलं आणि फौजदारचं खरं नाव मला माहीत नव्हतं. हजेरीपटात शोधून लिहिलं. पार्सल चारच्या गाडीने गेलं.