पिंपळनेरला जायचं, तर पंखा चालला पाहिजे

१२ एप्रिल, शनिवार

खडक-खुडुक, खडक-खुडुक, मग एक बारीक, लांबलेली शिट्टी. पाचोरा-जामनेर छोट्या गाडीची. ती गाडी बंद होऊनही आता वर्षं झाली. पण आज पहाटे तोच आवाज कानात घेऊन जागा झालो. पार्सल ऑफिसात होतो तेव्हा त्या शिट्टीवर मी घड्याळ लावायचो. कधी एखादी कविताही.

डोळे उघडले तर अंगणातल्या कॅम्पर ट्रेलरमध्ये. घामाने गच्च. पंखा बंद. बॅटरी पुन्हा मेलेली.

प्रमिला बाहेरून खिडकीशी आली. "काय, आलं का पिंपळनेर?"

१३ एप्रिल, रविवार

शेजारी विचारतात, या वयात हे चाकांवरचं खोपट कशाला? त्यांना काय सांगणार. इथे सांगतो.

प्रमिलाचा धाकटा भाऊ जीवराम पिंपळनेरला असतो. त्याच्या थोरल्या मुलीच्या, कामिनीच्या लग्नात मी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणत होतो. शार्दूलविक्रीडित, एकही मात्रा ढळलेली नाही. जीवरामने भर मांडवात माझ्या हातातला माइक ओढला. "दाजी, आवरा आता. मुहूर्त निघी गया!" तेव्हा प्रमिला गरजली — जीवरामच्या छपराखाली झोपणार नाही, त्याच्या घरचं पाणी पिणार नाही. (मुहूर्त गेला नव्हता. भटजींचं घड्याळ पुढे होतं.)

आता धाकट्या भूमिकाचं लग्न. पोरीने फोन केला, "आत्या, तू नाही आली तर मी बोहल्यावर चढणार नाही." प्रमिला दोन दिवस जेवली नाही धड. शपथ मोडवत नाही, भाचीही सोडवत नाही.

मग माझा पुतण्या हितेंद्र धुळ्याहून हा जुना ट्रेलर घेऊन आला. त्याच्या जीपमागे जोडायचा, जीवरामच्या फाटकाबाहेर लावायचा. आपलं छप्पर, आपलं पाणी. लग्न मांडवात, झोप आपल्या घरी. प्रमिलाला पटलं. अट एकच: "पंखा रात्रभर चालला पाहिजे. उकाड्यात मी झोपणार नाही, आणि त्याच्या दारी घाम पुसत तर बसणारच नाही."

१५ एप्रिल

बॅटरीची टोकं गरम पाण्याने आणि सोड्याने धुतली, व्हॅसलीन लावलं. अगदी अभ्यंगस्नान. दिवसभर चार्ज केली. संध्याकाळी ट्रेलरमधल्या सप्तशृंगीच्या तसबिरीला हात जोडून म्हणालो, आई, एवढी रात्र सांभाळ. तसबिरीभोवती लाल-हिरवे दिवे पळत होते. बरं वाटलं.

१६ एप्रिल

नाही सांभाळली.

दात घासता घासता ओळी सुचल्या:

पुन्हा बॅटरी ती पहाटेस मेली,
कुणी वीज सारी गिळोनीच नेली?

भुजंगप्रयात. प्रमिलाला ऐकवल्या. म्हणाली, "वृत्त चालतंय. पंखा चालवा."

१९ एप्रिल, शनिवार

दुकानदाराने बॅटरी तपासली. धडधाकट आहे म्हणाला. हितेंद्रला फोन केला. "काका, मग कुठेतरी काहीतरी करंट पितंय. मीटर लावा आणि एकेक फ्यूज काढून बघा." आवाज जरा चाचरत होता पोराचा. फोनही घाईने ठेवला.

रात्री पंखाही लावला नाही. सगळं बंद करून, देवीला दोनदा नमस्कार करून घरात येऊन झोपलो. बॅटरी तरीही सकाळपर्यंत अर्धी. म्हणजे पंख्यावर उगाच आळ घेत होतो. बिचारा.

२२ एप्रिल, मंगळवार

चोर सापडला.

मीटर लावून फ्यूज काढत गेलो. पंख्याचा काढला, करंट तसाच. दिव्यांचा काढला, तसाच. पंपाचा काढला — तसाच! सगळे फ्यूज तळहातावर, आणि तरी कोणीतरी पितंय. शेवटी बॅटरीवरून निघालेली एक लाल वायर दिसली, कुठल्याच फ्यूजमधून न जाणारी. तिच्या मागे मागे रांगत बाकाखाली शिरलो. लोणच्याच्या बरणीमागे एक छोटा इन्व्हर्टर. गरम. मधमाशीसारखा गुणगुणत होता. त्याच्यातून निघालेली वायर वर, थेट सप्तशृंगीच्या तसबिरीला.

"त्याला हात लावू नका," वरून प्रमिला. "ते देवीचं आहे."

मग कळलं. ती तसबीर घरच्या विजेवर चालणारी. म्हणून तिच्यासाठी हा इन्व्हर्टर. प्रमिलाने हितेंद्रकडून गुपचूप बसवून घेतलेला. आणि मुद्दाम बिनबटनाचा. "देवीचा दिवा काय बटनावर ठेवायचा? कोणीही येईल आणि विझवील."

दिवे एवढेसे, पण त्यांच्यापायी हा इन्व्हर्टरबाबा रात्रंदिवस जागा, करंट पीत. आणि मी रोज संध्याकाळी त्या दिव्यांनाच हात जोडून विनवत होतो, बॅटरी सांभाळ म्हणून.

"दिवा बंद केला तर मी येत नाही," प्रमिला म्हणाली.

"आणि चालू ठेवला तर पंखा बंद. मग तू येत नाहीस."

"बघा तुम्हीच काय ते."

पिंपळनेर हातचं गेलं असं वाटलं. तिने लग्नासाठी काढलेली साडी परत घडी करून ठेवली, तेव्हा मला बघवेना.

२३ एप्रिल

सकाळी चहाबरोबर विचारलं, "प्रमिला, देवळात शेजारती का करतात?"

"देव झोपतो म्हणून."

"आणि पळते दिवे डोळ्यांवर असले तर देवीला झोप लागेल?"

तिने बशीतला चहा संपवला. मग, "बटन मी दाबणार. शेजारती म्हटल्यावर. आणि पहाटे चालू करणारही मीच."

हितेंद्रला बोलावून बटन बसवून घेतलं. काकू रागावली नाही हे बघून त्याने दोन कप चहा घेतला.

२४ एप्रिल, गुरुवार

रात्रभर पंखा. सकाळी मीटर बघितलं, बॅटरी टवटवीत. प्रमिला घोरत होती. हे तिला सांगणार नाही.

साडी पुन्हा बाहेर काढली तिने.

२६ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी दोघं ट्रेलरमध्ये भांडी लावत होतो. दारावर थाप. हितेंद्र असेल म्हणून प्रमिलाने उघडलं, तर जीवराम. हातात पत्रिका आणि अक्षता. घराच्या पायऱ्यांकडे बघून माझ्याकडे वळला. "दाजी, तुमना घरना उंबरा चढाव नही, आशे मीबी बोलेल शे. पन या गाडीले उंबरा कोठे शे?" म्हणजे शपथ त्यानेही घेतली होती. आत येऊन बाकावर बसला. "अक्का, पानी दे."

तिने दिलं. तो अर्धा पेला प्यायला. उरलेलं तिने त्याच पेल्यातून पिऊन टाकलं.