कुंपण छाटायचे मशीन धाकटीलाच

मी, खाली सही करणारी बाई, जन्मभर दुसऱ्यांच्या बागा राखून पोट भरले. आता छातीने दगा दिला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे तपासून खाली लिहून दिले आहे. कोणी भरीस घातले म्हणून नाही, तर माझ्यामागे दोन लेकरांत वाद नको म्हणून ही व्यवस्था मी आपखुशीने लिहीत आहे. याआधी असे काही लिहिलेले नाही.

१. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. पुढची खोली धाकटीची, कारण हत्यारे ठेवायला तिला रस्त्याकडचे दार लागते. मागची थोरल्याची. ती गळते. थोरला आता मुकादम आहे, माणसे लावून दुरुस्त करून घेईल.

२. शिवणयंत्र माझ्या जाऊबाईंना. मी त्यांची कात्री लंपास केली असे त्या अजून सांगत फिरतात. मी घेतली नव्हती. यंत्र घ्यावे आणि विषय संपवावा.

३. विजेवर चालणारे कुंपण छाटायचे मशीन धाकटीला, आणि फक्त तिलाच. थोरल्याने ते विकू नये, उसने मागू नये.

माझे यजमान, या लेकरांचे वडील, गेले तेव्हा हेच मशीन त्यांच्या हाती होते. मशीनचा दोष नव्हता. मोठ्या कचेरीच्या आवारातले कुंपण पावसाने भिजले होते. यजमान म्हणाले, "वाळू द्या, दुपारी धरतो." तेव्हाचा मुकादम म्हणाला, "दुपारी साहेब येणारेत. त्यांना काय जंगल दाखवू?"

करंट गळला की आपोआप बंद पडणारा स्विच आमच्या वायरीला होता. ओलाव्याने तो सारखा पडू लागला. मुकादमाने पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन तो काढला, वायर थेट बोर्डाला जोडली, वर खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. यजमानांना यातले काही ठाऊक नव्हते. मला पहारेकऱ्याने नंतर सांगितले.

फांद्यांआड वायर पात्यात आली आणि तुटली. यजमान ओरडले, "पिन काढ गं, वायर तुटली!" मी धावले. दाराला कुलूप. मी दार बडवले, कडी ओढली, मुकादमाला हाका मारल्या. इतक्या वेळात पिन निघालीच असेल, असे समजून यजमानांनी वायर उचलली.

मी परत आले तेव्हा ते पालापाचोळ्यात पालथे होते.

म्हणून धाकटीस सांगणे. पिन स्वतःच्या हातात दिसेपर्यंत वायरीत करंट आहे असेच धर. बोर्ड नजरेसमोर हवा आणि तिथे आपले माणूस उभे हवे. तो स्विच जोडल्याशिवाय मशीन लावू नकोस. पडला तर का पडला ते शोध, त्याला शिव्या घालू नकोस. वायर खांद्यावरून पाठीमागे सोड. दोन्ही मुठी दाबल्या तरच पाती चालतात, तेव्हा एक मूठ चिंधीने बांधून शिडीवर चढण्याचे शहाणपण करू नकोस. फांदी अडकली तर आधी पिन, मग हात. काम झाल्यावर पात्यांचा चीक ब्रशने काढ, कोरड्या फडक्याने पूस, तेल दे, वर खोळ घाल. पाण्याखाली कधी धरू नकोस. आणि कुंपण ओले असताना कोणी घाई केली, तर मशीन उचलून घरी ये. काम दुसरे मिळते.

४. मुकादमाने मला कागद आणून दिला होता. यजमान दारू पिऊन कामावर होते, असे त्यात होते. "सही करा, पोराला कामावर चिकटवतो." दारूच्या नुसत्या वासानेही यजमानांना मळमळायचे. मी सही केली नाही. थोरल्याने केली, आणि चौकशी तिथेच मिटली.

परवा तो उशाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, मी घाबरलो होतो गं."

"मीही घाबरले होते."

"मग मला निम्मं घर का देतेस?"

"तुझ्या बापाने बांधलंय म्हणून. हा वाटा आहे, माफी नाही. तो कागद खोटा होता, असं त्याच कचेरीत लिहून दे. मग माफीचं बोलू."

तो म्हणाला, "नोकरी जाईल." मी म्हटले, "जाईल." तो उठला, चपला घातल्या आणि गेला. अजून आलेला नाही.

५. त्याने लिहून दिले, तर माझ्या तिरडीला पुढचा खांदा त्याचा. न दिल्यास तो धाकटीने द्यावा. तिला वजन पेलते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: बागकाम करणारी, दोघांची आई

साक्षीदार: १. पूर्वीचा पहारेकरी. २. शेजारच्या इस्त्रीवाल्या बाई. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

बाई शुद्धीवर आहेत व बोलणे समजून बोलतात. — डॉक्टर

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: डॉक्टरांच्या सहीखाली घातल्याप्रमाणे