यादीत फुलदाणी नव्हती

ताई,

बॅग ठेवलीस की तशीच चौकातल्या जनावरांच्या दवाखान्यात ये. हेडबाई तिथे आहेत. फोनवर सांगायला मला तोंड नव्हतं.

हेडबाईंसाठी तू केलेली, मांजरीला चालणाऱ्या झाडांची यादी मी अक्षरशः पाळली. कोरफड आणि मनीप्लँट विषारी म्हणून खालच्या काकांना देऊन टाकले. काकांनी विचारलं, "आमच्या हिला चालतील ना?" मी यादी बघितली, त्यात काकूंचं काही नव्हतं, म्हणून हो म्हटलं. उरलेल्या फर्नच्या कुंडीवर 'चालेल' अशी चिठ्ठीसुद्धा चिकटवली.

आणि परवा तुझ्या प्रमोशनची बातमी आली म्हणून मीच लिलीची फुलं आणली. यादी कुंड्यांची होती. फुलदाणी डोक्यातच आली नाही.

फुलांची पिवळी पूड हेडबाईंच्या अंगावर सांडली, ती त्यांनी चाटली. काल उलट्या झाल्या तेव्हा मला वाटलं, पोटात केस गेले असतील. आज डॉक्टर म्हणाले, कालच आणायला हवं होतं, आता दोन्ही मूत्रपिंडं गेली. मी विचारलं, माझं एक चालेल का? ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

फुलं फेकलीत. सोबतचं अभिनंदनाचं कार्ड फेकवलं नाही, त्यावर माझं आणि हेडबाईंचं नाव आहे.

हेडबाई ज्यावर झोपतात तो तुझा निळा स्वेटर घेऊन ये. डॉक्टर म्हणाले, घरचा वास असलेलं काहीतरी जवळ असू दे. त्यावरचे केस झटकू नकोस.