झडती इथं कोनाले सांगू

बा, तुले कोनी सांगतलं नसन म्हनून मीच सांगतो. मी गाव सोडलं. रिसोड-वाशीमच नाही, आपला मुलूखच सोडला. इकडं तामिळनाडूत, तिरुपूरले, बनियानच्या कारखान्यात लागलो. खोलीत नळ हाय, पंखा हाय, संडास घरातच. लाइन जात नाही. डबा घेऊन चिखल तुडवनं सरलं. अन् मोठी गोष्ट म्हंजे इथल्या मतदार यादीत माझं नाव नाही, म्हनून मी कोनाचा मानूस नाही अन् कोनाचा दुश्मन नाही. कायबी बोल, कोनी घरी येऊन इचारत नाही. याच्यासाठीच त आलो होतो.

मले तुही ते खांदशेकनी आठवते. उद्या पोळा, माय पुरन वाटून राह्यली, अन् तू चुलीपाशी बैलाच्या खांद्याले लावाले हळद-लोनी कालवता कालवता तोरनाखाली वरडून म्हनाची झडती जुळवतं, दोन ओळीचा टोमना. मी मंधातच पाटलाचं नाव घालून एक ओळ फेकली. माय हासली. तू पिवळ्या हातानं माया कान पिळला. "झडतीनं मानूस हासला पायजे बे, पन तोरनाखालची जोडी बिचकली नाही पायजे. नाव घ्याचं नाही!" दिवसभर कान पिवळा. गावातले म्हनत, "काहून रे, हळद लागली, लगन केव्हा?"

तू गेल्यावर झडती मीच सांगाले लागलो. मांगच्या पोळ्याले सगळ्या जोड्या तोरनाखाली उभ्या, सरपंच समोर फेटा बांधून, अन् मी वरडलो,

"रस्ता बनला कागदावर, चिखल आपल्या पायाले,
सरपंचाची नवी गाडी निंगाली हवा खायाले!"

"हर हर महादेव!" सारं गाव गरजलं, बा. असं त तुह्यावक्ती बी गरजलं नसन. पन सांज होता होता सगळे चूप. ज्यानं सगळ्यात मोठ्यानं आवाज देला, थोच दोस्त घरी आला अन् म्हने, "मी त देवाचं नाव घेतलं, भाऊ. तुह्या बाजूनं नव्हतो."

मंग सोयाबीन सोंगलं, वावरात ढीग रचून सुडी लावली. थ्रेशर सरपंचाच्या भावाचं. सगळ्याईच्या वावरात गेलं, आपल्या धुऱ्यावरून वापस फिरलं. मी शेलूबाजारले जाऊन दुसरा थ्रेशरवाला पाह्यला. गावाचं नाव आयकून थो म्हने, "मले तिथं धंदा करा लागते, बापा." अन् वरून पानी आलं. सुडीतल्या शेंगाले कोंब फुटले. माय मुठीत घेऊन नुसती पाह्यत बसली. चार मानसं दारात आले, "येत्या पोळ्याले तोरनाखाली कान धरून माफी माग, विषय खतम." मी म्हनलं, कानाचा मालक मेला. अन् निंगालो.

आता पोळा तोंडावर आला. माय रोज फोन करते. "ये रे बापा. दोन सबद म्हन अन् मोकळा हो. यंदाची सुडी कोन काढन?" तिच्यावर कायले राग धरू? चिखलातून तिलेच जा लागते. मी बोललो, भोगून राह्यली थे. नाही गेलो त माय उपाशी, गेलो त माया तोंडाले जलमभर कुलूप. सांग नं बा, काय करू? अन् एक खरं सांग, तू नाव घेत नव्हता थे हुशारी होती का भेव? जित्तेपनी इचारलं असतं त दुसराबी कान पिवळा झाला असता.

खोलीतल्या बिहारी पोराले झडती हिंदीत करून सांगतली. "अच्छा है भाई," म्हने, अन् मोबाइल पाह्यत राह्यला. इथं बोलाले मनाई नाही, बा, पन हासाले कोनी नाही. माफी जुळवाले बसलो त थे बी झडतीच होते, दुसऱ्या ओळीत पुन्हा गाडी येते.

हे तुले पाठवू कुठं? गादीखाली ठेवतो. फक्त एक गोष्ट, कोनाले सांगू नको. काल मोरीत जाऊन तेच झडती म्हनली. हर हर महादेव बी मीच म्हनलं. अन् म्हनाच्या आंधी, कोनी आयकू नाही म्हनून, नळ सोडला होता.