लाकडांचा डबा

ठाकुर्ली,
१२ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. शालूस सहदेवदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या बायजावहिनीचा खोकला थांबला, पण माझ्यावरचा राग काही थांबत नाही. त्याचं कारण असं की, आमच्या साहेबांनी नव्या हमालांना शिकवायला मालगाडीच्या डब्यांचे वीत-वीत लांबीचे पत्र्याचे नमुने करवून घेतले, आणि त्यांत माल भरायचं काम माझ्या गळ्यात मारलं. "मालधक्क्यावर अठरा वर्षं कारकून आहेस, माल खरा दिसला पाहिजे," म्हणाले. म्हणायला काय जातंय.

कोळसा कुटून भरला तर एकेक खडा धोंड्याएवढा दिसे. शेवटी बायजाच्या पिठाच्या चाळणीतून चाळला. चाळणी कामातून गेली. काथ्या कापून गवताच्या गाठी केल्या, त्या बऱ्या जमल्या. मिठाने मात्र रडवलं. आपण मिठागरावर वाढलेली माणसं, आणि मला डबाभर मीठ जमेना. खरं मीठ भरलं तर दोन दिवसांत पाणी सुटून पत्र्याला गंज. मग रवा भरला. सकाळी पाहतो तर मुंग्यांची रांग आणि निम्मा माल गायब. साहेब हसले. मला हसू आलं नाही.

हे सगळं लांबवतोय, कारण राहिलेल्या डब्याचं लिहायला हात उचलत नाही.

लाकडांचा डबा. तुरीच्या काड्यांचे ओंडके केले. साल, गाठी, सगळं हुबेहूब. पण डबा जरा ढकलला की वरचे ओंडके घरंगळून खाली. दोरा बदलला, बांधणी बदलली. आठ दिवस हेच चाललं. बायजा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अवो, कडंला पाचरी नाय मारल्या तर पडतीलच ना." मालधक्का कधी न पाहिलेल्या बाईला कळलं. मला काय कळत नव्हतं? मला तो पाचरींशिवाय उभा करायचा होता.

ओंडक्यांचा खरा डबा भरला त्या दिवशी तुझे यजमान तानाजीराव मुकादम होते. मला म्हणाले, "दादा, दोन पाचरी कमी हाईत. तासून मारतो, जरा थांबा." गाडी सुटायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "राहू द्या, जाईल तशी." यार्डातून बाहेर पडायच्या आत ओंडके घसरले आणि मारुती हमालाचा पाय गेला. चौकशीत तानाजीरावांनी माझं नाव घेतलं. मी म्हणालो, मी ऑफिसात पावत्या लिहीत होतो. कारकुनाचं खरं धरलं आणि मुकादमाला काढलं.

तीन भाऊबिजा गेल्या. तू येत नाहीस, तर मी चार लोकांत तुलाच हेकट म्हणत फिरलो. खोपटच्या बस डेपोत तानाजीराव बस धुताना दिसले, तर मी रस्ता बदलला. लाज वाटते.

काल दोन पाचरी मारल्या. डबा खोलीभर ओढला, एक काडी हलली नाही. आज सकाळी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सोबत अर्ज दिला. त्यात सगळं लिहिलंय. माझी नोकरी राहील की जाईल, तानाजीरावांना परत घेतील की नाही, काही ठाऊक नाही. अर्जाची नक्कल जोडली आहे. इंग्रजीत आहे, कोणा शिकलेल्याकडून वाचून घे.

चौकशी झाली त्या संध्याकाळी तू माझ्या दारात उभी राहून विचारलंस, "दादा, तू होतास ना रे तिथं?" मी आत निघून गेलो.

होतो, शालू. डब्याला हात लावून उभा होतो.

सहदेव