मावशींनी पाहिलेली ओहोटी

आई, ज्यांना दाखवायला म्हणून नेलं त्यांना काहीच दिसलं नाही, आणि जिला फक्त स्वयंपाकापुरतं गाडीत घेतलं होतं तिला सगळं दिसलं, हे कसं झालं? महिना झाला, मी याचा विचार करते आहे आणि मला उत्तर देता येत नाही. तुला विचारावंसं वाटलं, कारण तूही शाळेत खिचडी शिजवायचीस. आणि तू गेल्यावर तुला विचारून काही उपयोग नाही हेही मला कळतं.

सुरुवातीपासून सांगते. सेलूकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. कायम नाही, तासिकेवर. आठवीच्या मुलींना मी सागरी जीव शिकवत होते, तर एकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाह्यला का समुद्र?" नाही म्हणाले. सगळा वर्ग हसला आणि मीही हसले, पण ते मनात राहिलं. गुजरातच्या किनाऱ्यावर अशी राखीव उद्यानं आहेत की ओहोटीला पाणी मागे सरतं आणि आपण चालत प्रवाळांपर्यंत जाऊ शकतो, हे मी वाचलं होतं. मुलींना तिथं न्यायचं, एवढं एकच वेड मी घेतलं. दोन महिने मागे लागल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "आधी आपण मोठे लोक पाहून येऊ. जमण्यासारखं वाटलं तर पोरींले नेऊ." म्हणजे मुली जाणार की नाही, हे या सहलीवर ठरणार होतं.

दिवाळीच्या सुट्टीत एक मिनीबस केली. शिक्षक, त्यांच्या घरची माणसं, असे आम्ही अठरा जण. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना होतं तसंच झालं. किराणा, शेगडी, दोन सिलिंडर आणि मोठी कढई आधी गाडीत चढली, माणसं नंतर. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना स्वयंपाकासाठी सोबत घेतलं. मी मात्र वहीच्या पानांवर भरती-ओहोटीच्या वेळा लिहून प्रत्येकाला एकेक पान दिलं होतं. नाशिकच्या अलीकडेच त्यातल्या एका पानावर कुणीतरी चिवडा घेऊन खाताना मी पाहिलं.

तीन उद्यानं ठरली होती. रस्त्यात देवळं किती लागली ते मी मोजलं नाही. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबे, प्रत्येक ठिकाणी "दहा मिनिटं फक्त, मॅडम," आणि दहा मिनिटांचा तास. देवाला जाऊ नका असं मी कशी म्हणणार? पण समुद्राला वेळ असते हे कुणाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मुख्याध्यापक म्हणायचे, "अहो, समुद्र कुठं पळून चालला का?" त्यांचा दोष तरी कसा म्हणू? आपण नदीकाठची माणसं. नदीचा पूर उतरला की उतरलेलाच राह्यतो, आठ दिवसांनी गेलं तरी काठ तसाच. पाणी सकाळी जाऊन दुपारी परत येतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि शिकवलंही होतं, पण ते खरं धरून कुणी चाललं नव्हतं.

पहिल्या उद्यानाच्या सकाळी तिथला वाटाड्या साडेसातलाच काठी घेऊन किनाऱ्यावर उभा होता. पाणी दूर गेलेलं, समोर मैलभर ओला खडक चमकतो आहे. आणि आमची गाडी मागे झाडाखाली. मावशी तर्री-पोहे करत आहेत. आठ वाजले, साडेआठ वाजले. मुख्याध्यापकांनी सकाळीच सांगितलं होतं, नाश्ता झाल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि तर्रीला रंग आलाच पाहिजे. हे मला माहीत होतं. आई, हे मी मुद्दाम लिहिते आहे, मला माहीत होतं. तरी मी तरातरा गेले आणि मावशींसमोर उभी राहून सगळ्यांदेखत ओरडले, "तुम्हाला वेळेचं काही कळतं का? एका नाश्त्यासाठी सगळं बुडवलं तुम्ही." मावशींनी शेगडी बारीक केली. म्हणाल्या, "हो मॅडम, चुकलंच माह्यं." शेजारी मुख्याध्यापक प्लेट घेऊन उभे होते. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, रागानं भूक मरते. घ्या, तुम्ही बी घ्या थोडे."

तेव्हा तू आठवलीस, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू आठवलीस दोन दिवसांनी, परतीच्या वाटेवर. मी पाचवीत आहे. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ताटं घेऊन रांगेत बसलो आहोत, आणि नव्या बाई तुला विचारत आहेत की तुला घड्याळ वाचता येतं का. तू काही बोलत नाहीस. मी ताटाकडे पाहते आहे, कारण पोरी माझ्याकडे पाहत आहेत. संध्याकाळी तू डब्यात खिचडीची खरवड घेऊन आलीस, माझ्या आवडीची, आणि मी खाल्ली नाही. मी म्हणाले, "तू काऊन नाही बोलली?" तू म्हणालीस, "बाईले काय मालूम, लाकडं वली होती." आणि वर मलाच रागावलीस, अन्नावर राग काढते म्हणून. मला तेव्हा त्या बाईंचा इतका राग आला होता की मी ठरवलं, शिकेन तर अशी होण्यासाठी नाही. आपल्या घरात पहिली पदवी मी घेतली. आणि घेऊन काय केलं, तर मावशींची लाकडं ओली आहेत का हे विचारलं नाही. उलट ती कुणी ओली केली हे माहीत असून ओरडले. त्या बाईंना निदान माहीत तरी नव्हतं.

शेवटी आम्ही खडकावर उतरलो तेव्हा ओहोटी संपायला अर्धा-पाऊण तास उरला होता. आमची मंडळी पन्नास पावलं गेली. चिखल, शेवाळ, पाय घसरतो. एका सरांच्या बायकोची चप्पल गाळात राहिली. "एवढ्या दूर चिखल पाहाले आणलं का व मॅडमनं?" असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, फोटो काढून मागे फिरले. वाटाड्यामागे उरलो दोघीच, मी आणि मावशी. मावशींना कुणी ये म्हटलं नव्हतं. त्या भांडी तशीच टाकून, लुगडं खोचून आल्या होत्या. माझ्याशी त्या नेहमीसारखंच बोलत होत्या, आणि त्याचाच मला त्रास होत होता. "मॅडम, पाय घासत नका चालू, पाणी गढूळ होते. उचलून ठेवा. आमी नाल्यात खेकडे धराले जावो ना, तसं." वाटाड्याने डबक्यातला फुगणारा मासा दाखवला, मग एक दगड उलटून खालचे जीव दाखवले. पाहून झाल्यावर मावशींनी तो दगड दोन्ही हातांनी होता तसाच पुन्हा ठेवला. "त्याईचं घर हाये ना. झाकण लावा लागते." वाटाड्या हसून म्हणाला, "माँजी, पहले आये हो क्या?" मावशींनी त्याला आपल्या हिंदीत विचारलं, "भैया, पानी चला जाता तो ये लोग क्या करते? दम नहीं घुटता?" हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता. मला सुचलाच नव्हता. तो दहा मिनिटं सांगत राहिला. कोण अंगात पाणी साठवून ठेवतो, कोण फटीत शिरतो, कोण नुसता मिटून बसतो. मग त्याने एक समुद्रफूल, खडकाला चिकटलेला फुलासारखा जीव, दाखवलं, बोट लावून पाहा म्हणाला. मावशींनी बोट लावलं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मला भीती वाटली, आई. दोन महिने ज्याबद्दल बोलत होते त्याला शिवायची भीती वाटली.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "चला, पाणी फिरलं." मी घड्याळ पाहिलं, माझ्या कागदानुसार अजून वेळ होता. त्यांनी पायाशी दाखवलं. "ते गवत पाहा. मघा तिकडं झुकलं होतं, आता इकडं झुकून राह्यलं." वाटाड्याने खाली पाहिलं आणि काठी किनाऱ्याकडे वळवली.

दुसरं, बेटावरचं उद्यान एका देवळाच्या आरतीत गेलं. त्या बेटाची होडी आमच्यासाठी थांबली नाही. तिसरं खारफुटीचं होतं, ते गाडीच्या खिडकीतून दिसलं तेवढं दिसलं. परतताना मुख्याध्यापकांनी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पाहून झालं मॅडम. पोरींले नेण्यासारखं काही नाही तिथं." मी काय बोलणार होते? पाहिलं असतं तर बोलले असते. मी तर सगळा वेळ माणसं गोळा करत होते आणि घड्याळ पाहत होते.

मुली जाणार आहेत, ते माझ्यामुळे नाही. शाळा सुरू झाल्यावर मावशींनी खिचडी वाढता वाढता सांगायला सुरुवात केली. फुगणारा मासा गाल फुगवून करून दाखवला. आठ दिवसांत पोरींनी घरी जाऊन आयांचं डोकं खाल्लं, आणि आया मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसल्या. सर वैतागून हो म्हणाले, पण एका अटीवर. गाडी लहान, सगळ्या जागा मुलींना, सोबत एक सर आणि एकच बाई. ती बाई कोण हे विचारायची कुणाला गरजही वाटली नाही. सरांनी फॉर्म माझ्याच हातात दिला.

मी त्यात मावशींचं नाव लिहिलं. सर म्हणाले, "अहो, ती स्वयंपाकवाली. ती काय शिकवणार पोरींले?" मी म्हणाले, "पाणी केव्हा फिरतं ते त्यांना दिसतं, सर. मला घड्याळात पाहावं लागतं." त्यांनी फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमची मर्जी. पण पुढच्या वर्षी कोणतं नेणं-बिणं होईल असं समजू नका." मी समजतही नाही. पुढच्या वर्षी मी या शाळेत असेन की नाही हेही माहीत नाही.

मावशींची माफी मी अजून मागितलेली नाही. दोनदा स्वयंपाकखोलीपर्यंत गेले. एकदा तांदूळ निवडत होत्या, म्हणाल्या, "या ना मॅडम, बसा," आणि मी बसून तांदूळ निवडून परत आले. काल फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि सही करायला लागल्या. तिथं ठेवलेलं पेन उमटेना. त्यांनी ते झटकलं, हातावर ओढून पाहिलं, पुन्हा झटकलं. माझ्या पर्समध्ये पेन होतं. आई, ते मी लगेच काढलं नाही. सही होईपर्यंत ती जागा अजून माझी होऊ शकत होती. मग दिलं, त्यांनी सही केली, आणि सुट्टी व्हायच्या आत मी फॉर्म कार्यालयात जमा करून आले.